घर विकताना ऊर्जेचे तारे सांगणं सक्तीचं करावं का? (नागपूरच्या घरांपुरतं)

नकाशेवाला (धागाकर्ता)

नागपुरात घराचा सौदा बसताना घेणारा काय मागतो हे सगळ्यांना पाठ आहे. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, विजेचं शेवटचं बिल, फ्लॅट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन. स्लॅबवर काय टाकलंय, पश्चिमेची भिंत किती इंची, खिडकीचा किती भाग खरोखर उघडतो, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर सांगायचं बंधनही विकणाऱ्यावर नाही. वीस-पंचवीस हजारांच्या फ्रीजवर २००६ पासून विजेच्या बचतीचे तारे आहेत, आणि पन्नास-साठ लाखांच्या घरावर काहीच नाही.

आज कायदा कुठे आहे ते आधी मांडतो. घरांसाठी केंद्राची ऊर्जा बचतीची 'इको निवास संहिता' डिसेंबर २०१८ मध्ये आली. ती ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामासाठी आहे. ५०० चौ.मी. म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. आपल्या लेआउटमधले दीड-दोन हजार फुटांचे प्लॉट त्यात बसतच नाहीत. त्यानंतर बीईईने (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) घरांसाठी १ ते ५ ताऱ्यांचं लेबल आणलं, पण ते ऐच्छिक. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या खऱ्या, मात्र १०० किलोवॅट जोडभार (सगळ्या उपकरणांची मिळून क्षमता) किंवा १२० केव्हीए कराराची मागणी असलेल्या. एकट्यादुकट्या घराचा भार त्याच्या जवळपासही जात नाही. जुनं घर दुसऱ्याच्या नावावर होतं तो क्षण यातल्या कुठल्याही तरतुदीने पकडलेला नाही.

बाहेर हे बरंच जुनं आहे. डेन्मार्कमध्ये १९९७ पासून, कॅनबेरात १९९९ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून विक्रीच्या वेळी रेटिंग द्यावं लागतं. आपल्यासारख्या उन्हाच्या गावाचं उदाहरण हवं तर टेक्सासमधलं ऑस्टिन घ्या. तिथे २००९ पासून, दहा वर्षांहून जुनं घर विकताना ऊर्जा तपासणीचा अहवाल घेणाऱ्याच्या हातात द्यावा लागतो.

माझं मत: नागपुरात हे सक्तीचं व्हावं, पण फक्त 'सांगणं' सक्तीचं. कमी तारे म्हणून कोणाची विक्री अडू नये. आणि रेटिंग छपरापासून सुरू व्हावं, एसीपासून नाही. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

---

गच्ची_आणि_स्लॅब

छपरापासून सुरू करा हे शंभर टक्के बरोबर. नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे ऐन नवतप्यात (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसतंच. सगळा मारा गच्चीवर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेला. त्यामुळे थंड देशातलं रेटिंगचं सूत्र जसंच्या तसं उचललं तर इथे ते चुकीच्या जागी गुण देईल.

आता आकडे. यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते. कमी तितकं चांगलं.

नुसता ५ इंची स्लॅब, खालून छपाई: सुमारे ३.३
त्यावर ४ इंच ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर): सुमारे २.३
कोबा अधिक ५० मि.मी. एक्सपीएस (उष्णता अडवणारा दाट फोमचा बोर्ड): सुमारे ०.५

इको निवास संहितेत छपराची मर्यादा १.२ आहे. म्हणजे गावातलं नेहमीचं कोबा केलेलं छप्परसुद्धा मर्यादेच्या जवळपास दुप्पट भरतं. आणि कोब्यावर जेमतेम १५ मि.मी. एक्सपीएस टाकलं तरी ते मर्यादेत बसतं. इतकं थोडं अंतर आहे हे.

हजार चौरस फुटांची गच्ची (९३ चौ.मी.) धरू. बाहेर ४३ अंश, ऊन धरून गडद पृष्ठभागाला जाणवणारं तापमान सत्तरीच्या आसपास, आत ३०. कोब्याच्या छपरातून स्थिर हिशेबाने २.३ × ९३ × ४० म्हणजे साडेआठ किलोवॅट उष्णता आत येते. ती बाहेर काढायला जवळजवळ अडीच टनांचा एसी लागेल, फक्त छपरासाठी. त्याच गच्चीला पांढरा परावर्तक थर दिला तर हा आकडा पाचच्या खाली येतो. ५० मि.मी. एक्सपीएसने दोनच्या खाली, आणि दोन्ही केलं तर साधारण एक. प्रत्यक्षात काँक्रीट उष्णता साठवतं म्हणून शिखर थोडं कमी आणि उशिरा येतं. उशिरा येतं हेच नागपूरचं दुखणं आहे: दुपारी तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत आत ओकत राहतो, नेमका झोपायच्या वेळेला.

---

त्रिमूर्तीनगर_४

एवढं कशाला? महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. विकणाऱ्याने बारा महिन्यांची बिलं दाखवली की झालं की नाही?

---

मीटररीडिंग

नाही पुरत, भाऊ. बिल राहणाऱ्याचं असतं, घराचं नसतं. दोघं म्हातारे राहतात आणि कूलरवर उन्हाळा काढतात तिथे मे महिन्यात २०० युनिट येतील. त्याच घरात चार जण आणि दोन एसी आले की ७००. घर तेच, स्लॅब तोच. शिवाय घर सहा महिने बंद असेल, वरच्या भाडेकरूचं मीटर वेगळं असेल, खालच्या दुकानाची लाइन घरातून ओढलेली असेल, तर बिलावरून काहीच कळत नाही.

नागपुरात आणखी एक गोम आहे ती म्हणजे कूलर. कूलरला मोटर आणि पंप धरून २०० वॅटच्या आसपास लागतात, दीड टनी एसीला दीड किलोवॅट. बिलावर रेटिंग काढलं तर तापलेलं पण कूलरवालं घर पाच तारे घेऊन जाईल. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जेवढी थंड होऊ शकते ते) २३ च्या आसपास असतं, म्हणून चांगल्या पॅडचा कूलर २७ अंशांची हवा फेकतो. त्यासाठी भर उन्हात तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी जातं, ते बिलात दिसत नाही. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता झाली की ओल्या फडक्याचं तापमान २८ वर जातं आणि कूलर फक्त घामट हवा देतो. मग घर मुळात किती तापतं हे उघडं पडतं.

तरी बिलं टाकून देऊ नका. प्रमाणपत्राला जोड म्हणून बारा महिन्यांची युनिटं जोडायची, रुपये नाही. टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात, त्यामुळे रुपयांची तुलना फसवी होते. फेब्रुवारी आणि मे यांच्या युनिटांतला फरक मात्र पाहण्यासारखा असतो. तो थंडावा मिळवायचा खर्च.

---

सौदाचिठ्ठी

कागदाच्या बाजूने लिहितो. सक्ती करायची तर ती कोणत्या टप्प्यावर, यावर सगळं अवलंबून आहे.

'रजिस्ट्रीच्या वेळी प्रमाणपत्र जोडा' असा नियम केला तर तो कागद वाया गेला समजा. तोवर बयाना दिलेला असतो, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, भाव ठरून महिना उलटलेला असतो. त्या दिवशी 'एक तारा' वाचून कोण मागे फिरणार? इंग्लंडात घर बाजारात आणतानाच ईपीसी (घराचं ऊर्जा प्रमाणपत्र) मागवलेली असावी लागते आणि जाहिरातीत अक्षर छापावं लागतं. ऑस्टिनमध्ये घेणाऱ्याला अजून माघार घेता येते तोपर्यंतच अहवाल पोहोचवायचा असतो. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच: सौदाचिठ्ठीच्या, म्हणजे विक्रीच्या पहिल्या लेखी कराराच्या, आधी. सौदाचिठ्ठीत एक ओळ असावी, 'ऊर्जा प्रमाणपत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक, लिहून घेणाऱ्याने वाचले', आणि विक्रीपत्रात त्याच क्रमांकाचा उल्लेख. मग दुय्यम निबंधकाला फक्त क्रमांक आहे की नाही एवढंच बघावं लागेल. कायद्यात लिहिल्याशिवाय ते स्वतःहून असा कागद मागू शकत नाहीत, आणि मागूही नये.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ आहेच. घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा, असं ते सांगतं. पण तापणारा स्लॅब हा 'महत्त्वाचा दोष' आहे का, यावर कोर्टात वर्षं जातील. आणि 'साध्या काळजीने दिसणार नाही' यातच मेख आहे: तेच घर मेमध्ये पाहिलं तर दिसतं, डिसेंबरात पाहिलं तर अजिबात दिसत नाही. दिवाळीनंतर घरं दाखवली जातात तेव्हा नागपुरातली सगळी घरं थंडगार असतात.

---

नकाशेवाला

सौदाचिठ्ठीभाऊ, ही ओळ फार कामाची. आता भिंती-खिडक्यांचा हिशेब मांडतो, कारण छपरानंतरचा वाद तिथेच आहे.

संहितेत भिंती आणि खिडक्या मिळून एक आकडा काढतात, आरईटीव्ही. मर्यादा १५ वॅट प्रति चौ.मी. नागपूर 'संमिश्र' हवामानात मोडतं. त्यासाठी सूत्रातले गुणक आहेत ६.०६ (भिंतीची यू), १.८५ (काचेची यू) आणि ६८.९९ (काचेतून येणारं ऊन, म्हणजे एसएचजीसी). दिशांचा गुणक सोयीसाठी १ धरू, आणि बाहेरच्या एकूण भिंतीत १५ टक्के खिडक्या.

९ इंची विटेची भिंत, यू सुमारे २.०, साधी एकेरी काच (यू ५.८, एसएचजीसी ०.८):
भिंत ०.८५ × २.० × ६.०६ = १०.३
काच ०.१५ × ५.८ × १.८५ = १.६
ऊन ०.१५ × ०.८ × ६८.९९ = ८.३
बेरीज २०.२. नापास.

छज्ज्याने आणि बाहेरच्या आडोशाने ऊन ०.८ वरून ०.५ वर आणलं: १७.१. अजून नापास.
भिंत ८ इंची एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची (यू ०.७६), काच तीच, आडोसा नाही: १३.८. पास.
साडेचार इंची विटेची भिंत (यू २.८५), साधी काच: २४.६.

म्हणजे एका पूर्ण घराचे गुण भिंतीच्या मालावर ठरतात, आणि तोच माल छपाईखाली झाकलेला असतो. विकणारा 'नऊ इंची आहे' म्हणतो, निघते साडेचार इंची.

दोन उणिवा सांगून ठेवतो. या सूत्रात बाहेरच्या रंगाला जागा नाही. गडद चॉकलेटी भिंत आणि पांढरी भिंत यांना एकच आकडा मिळतो. दुसरं, जूनमध्ये आपल्याकडे सूर्य मावळतो तो ठीक पश्चिमेला नाही, पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला. त्यामुळे वायव्येकडच्या खिडकीत साडेपाचचं ऊन सरळ खोलीच्या टोकापर्यंत जातं आणि वरचा दोन फुटी छज्जा तिथे काहीच करत नाही. तिला बाजूचा उभा आडोसा किंवा बाहेरून चीक (बांबूचा पडदा) लागते. आतला पडदा लावून भागत नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच.

---

वरचा_मजला

फ्लॅटचं काय करणार? इमारतीला एक रेटिंग दिलं तर तो अन्याय होईल. एकाच नकाशाचे पाच मजले घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्याला वर-खाली शेजारी, पाचव्यावरच्याच्या डोक्यावर उघडा स्लॅब. वर कोपऱ्याचा फ्लॅट असेल तर पश्चिमेची भिंतही त्याचीच. प्रमाणपत्र प्रत्येक फ्लॅटला वेगळं हवं, आणि त्यावर 'डोक्यावर उघडं छप्पर: आहे / नाही' हे मोठ्या अक्षरांत.

याला जोडून दुसरी अडचण. नागपुरात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. गच्ची सामाईक. वरच्या मजल्याचे तारे वाढवायचे तर काम गच्चीवर करावं लागेल, आणि तिथे एकट्याने एक पाटी माल टाकायला असोसिएशनचा ठराव लागतो. रेटिंग एकाचं, दुरुस्तीचा हक्क सगळ्यांचा. म्हणून प्रमाणपत्रातल्या सूचना दोन भागांत असाव्यात: मालक स्वतः करू शकतो ते, आणि असोसिएशनने करायचं ते. वॉटरप्रूफिंगची वर्गणी निघते त्याच वेळी इन्सुलेशन घातलं तर तोडफोड आणि मजुरी एकदाच लागते. तो मोका वर्षानुवर्षं परत येत नाही.

---

कवेलू

महाल-इतवारीतली जुनी घरं या सगळ्यात मार खातील, हे आत्ताच नोंदवून ठेवा. दीड फुटी मातीची भिंत घेतली तर तिची यू सुमारे १.३ येते, म्हणजे नऊ इंची विटेहून बरीच चांगली. पण तिचा खरा गुण वेगळा: दुपारची उष्णता ती रात्रीपर्यंत अडवून धरते. आरईटीव्हीत या साठवणीला वेगळा गुणच नाही. उलट कवेलूचं (कौलांचं) छप्पर कागदावर नापास होतं. त्याखाली लाकडी पाटणी आणि माळा असला तर खालची खोली मेमध्येही राहण्यासारखी असते, पण तपासणाऱ्याने 'कवेलू' एवढंच लिहिलं तर ती गेली. माळ्यासह छपराचा हिशेब झाला पाहिजे, आणि माळ्याला दोन्ही टोकांना झरोके आहेत का हेही.

आणि टिनाच्या घरांना 'लहान आहे म्हणून सूट' देऊ नका. सर्वात जास्त तापतं ते घर प्रमाणपत्राबाहेर ठेवलं तर त्याच्या नावाने कोणतीच मदत मागता येणार नाही. तपासणीची फी सरकारने भरावी, पण कागद निघावा.

---

नकाशेवाला

टिनाच्या घरांबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो. तिथे भाव जागेचा लागतो, बांधकामाचा नाही. प्रमाणपत्राने घेणाऱ्याचा निर्णय बदलणार नाही आणि विकणाऱ्याच्या मागे एक फेरा वाढेल. पण फी सरकारने भरायची असेल तर माझा विरोध नाही. माळ्याचा मुद्दा पूर्ण मान्य.

---

गच्ची_आणि_स्लॅब

आता तपासणी प्रत्यक्ष कशी व्हावी. इंग्लंडच्या ईपीसीवर सगळ्यात मोठी टीका हीच आहे की भिंतीच्या आत दिसत नसेल तर घराच्या वयावरून ठरीव यू-व्हॅल्यू घालतात, आणि मग चांगलं केलेलं घर आणि न केलेलं घर सारखंच दिसतं. आपल्याकडे हे टाळायला नियम साधा ठेवावा: पुरावा नाही तर गुण नाही. आणि पुरावा देणं सोपं करावं.

लागणारं सामान: टेप, लेझर मीटर, होकायंत्र, टॉर्च, इन्फ्रारेड गन, ड्रिल आणि ८ मि.मी.चा बिट. हजार-बाराशे फुटांच्या घराला दोन-अडीच तास.

भिंत: दाराच्या चौकटीत पूर्ण जाडी मोजायची. दोन्ही बाजूंची छपाई धरून नऊ इंची विटेची भिंत २६० मि.मी.च्या आसपास भरते, साडेचार इंची १४५ च्या आसपास, ६ इंची एएसी १८५ च्या. मग मालकाची परवानगी घेऊन कपाटामागे एक भोक. छपाईची करडी भुकटी आधी येते ती झटकून टाका. त्यानंतर लाल आली तर भाजलेली वीट. पांढरट, मऊ, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला तर एएसी. करडी आणि बिट अडखळत गेला तर फ्लाय अ‍ॅश. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे त्या विटा भरपूर आहेत. एएसी आणि फ्लाय अ‍ॅश वीट यांना एकच समजण्याची चूक नेहमी होते. बाहेरून दोन्ही करडसर, पण फ्लाय अ‍ॅश वीट उष्णता अडवण्यात साध्या विटेच्याच पंक्तीतली.

काच: संध्याकाळी काचेसमोर मोबाइलचा दिवा धरून तिरकं बघा. एकेरी काचेत जवळजवळ चिकटलेली दोन प्रतिबिंबं दिसतात, दुहेरीत चार. चारांतलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर लो-ई (उष्णता परतवणारा) थर आहे. नुसती गडद फिल्म चिकटवलेली असेल तर कडेला नखाने कळते. तिला काचेइतके गुण देऊ नका, उन्हाने ती काही वर्षांत सुटते.

छप्पर: पावसाच्या पाण्याच्या आउटलेटजवळ थरांची कड दिसते, तिथे मोजा. नाही दिसली तर मालकाकडे कामाचे फोटो आणि मालाची बिलं मागा. तीही नसतील तर 'कोबा' एवढेच गुण.

इन्फ्रारेड गन हा पुरावा नाही, ताळा आहे. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान स्लॅबची खालची बाजू आणि आतल्या मधल्या भिंतीचा पृष्ठभाग, दोन्ही वाचा. फरक ५-६ अंशांच्या वर असेल तर वर इन्सुलेशन आहे यावर विश्वास ठेवू नका. गनवरची उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) ०.९५ वर ठेवा. चकचकीत टाइल, स्टील, ग्लॉसी पेंट यांवर आकडा खोटा येतो. तिथे कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर वाचा. एसी किंवा कूलर चार तास आधी बंद. जानेवारीत हे वाचन घेऊ नका.

---

त्रिमूर्तीनगर_४

समजा दोन तारे आले. विकण्याआधी तीन करायचे असतील तर सगळ्यात आधी काय? आणि कामात काय बिघडतं तेही सांगा.

---

गच्ची_आणि_स्लॅब

आधी पांढरा परावर्तक थर. स्वस्त, दोन दिवसांचं काम. पण ओल्या किंवा गळक्या स्लॅबवर मारला की खालची वाफ फोड आणते आणि पापुद्रे सुटतात. आधी गळती, मग तडे भरणे, मग घासून धुणे, पूर्ण वाळवणे, प्रायमर, दोन हात. डब्यावरचं कव्हरेज खरखरीत कोब्यावर मिळत नाही, माल जास्त धरा. आणि धूळ-राख बसून परावर्तन घसरतं, म्हणून दर वर्षी मार्चअखेर गच्ची धुतलीच पाहिजे. साधा चुना उन्हाळ्याला चालतो, पहिल्या पावसात जातो. त्याला कायमचे गुण देता येणार नाहीत.

टिकाऊ काम म्हणजे वरून इन्सुलेशन. क्रम असा: उताराचा थर, वॉटरप्रूफिंग, ५० मि.मी. एक्सपीएस (घनता ३० ते ३५ किलो प्रति घ.मी.), त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग ५० मि.मी. जाळीचा कोबा चार-पाच फुटांच्या चौकटींत सांधे सोडून, वर पांढरी चायना चिप्स (टाइलचे तुकडे). एक्सपीएसऐवजी पॅकिंगचा थर्माकोल घातला की तो दबतो आणि वर तडे येतात. सांधे सोडले नाहीत तर पहिल्याच मेमध्ये कोबा फुगून फुटतो. जाडी १०० मि.मी.च्या वर वाढते, म्हणून कठडा तेवढा ठेंगणा होतो, आउटलेटचं तोंड बुडतं आणि जिन्याच्या दाराचा उंबरा खाली जातो. तिन्ही आधी मोजा. नव्या कोब्याचं वजनच चौ.मी.ला ११५-१२० किलो. जुना कोबा न काढता वर चढवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर भिस्त ठेवू नका. नुसत्या स्लॅबखाली हवेची पोकळी धरून यू ३.३ वरून १.८ वर येते, १.२ वर नाही. स्लॅब तापतो तसा तापतोच, गळती झाकली जाते, पंखाही खाली येतो. हिरवी जाळी चालते, पण स्लॅबपासून दोन फूट वर आणि खालून वारा फिरेल अशी. मे-जूनच्या वावटळीत पाइप उपटले जातात म्हणून ती तात्पुरतीच धरायची.

---

मीटररीडिंग

सोलरचं राहिलं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे गच्च्यांवर पॅनल भराभर बसताहेत. प्रमाणपत्रावर सोलर वेगळ्या ओळीत हवं: एक ओळ घराच्या कवचाची, दुसरी वीजनिर्मितीची. दोन्ही मिसळलं तर तापलेल्या घरावर ३ किलोवॅट ठोकून चार तारे मिळतील आणि घेणाऱ्याला रात्री घामच येईल. पॅनलखालच्या सावलीचे गुण मात्र छपराला द्यावेत, जेवढा भाग झाकला तेवढेच. आणि विक्रीत पॅनल असतील तर नेट मीटरचं नाव बदलणं, इन्व्हर्टरची वॉरंटी हस्तांतरित होणं, हे सौदाचिठ्ठीत लिहून घ्या. जुन्या मालकाच्या नावावर युनिटं जमा राहिली की नंतर वाद होतो.

---

वरचा_मजला

तपासणारा कोण, हे कोणीच लिहिलं नाही. दलालाने आणलेला तपासनीस असेल तर तारे भावाप्रमाणे पडतील. यादीतून आळीपाळीने नाव निघावं, फी ठरलेली असावी, आणि काही घरं दुसऱ्या तपासनीसाने न सांगता पुन्हा मोजावीत. दोघांत एका ताऱ्याहून जास्त फरक आला तर पहिल्याचा परवाना थांबवावा. बीईईची परीक्षा उत्तीर्ण ऊर्जा लेखापरीक्षक आहेत, पण त्यांचा हात बहुतेक कारखान्यांवर बसलेला. घरांसाठी आर्किटेक्ट आणि सिव्हिल डिप्लोमावाल्यांना छोटा अभ्यासक्रम देऊन तयार करणं जास्त लवकर होईल.

---

अजनी_रेल्वे

खिडकीबद्दल एक शंका. धाग्यात 'खरोखर उघडणारा भाग' असं आलंय. आमच्याकडच्या सगळ्या इमारतींत स्लायडिंग आहे. तिचं कसं मोजायचं?

---

नकाशेवाला

ताई, जेवढं एका वेळी उघडं राहतं तेवढंच धरायचं. संमिश्र हवामानासाठी संहितेची अट आहे: उघडणारं क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के. १० बाय १० ची खोली म्हणजे १०० चौरस फूट, साडेबारा फूट हवेत. ४ बाय ४ ची दोन ट्रॅकची स्लायडिंग दिसते १६ फुटांची, पण एक पल्ला नेहमी दुसऱ्यावर असतो, म्हणून ८ फूट. नापास. तीच खिडकी बाहेर उघडणाऱ्या दोन पल्ल्यांची केली तर चौकट वजा जाता १४ च्या आसपास, पास. बाल्कनीचं दार धरता येतं, पॅसेजमध्ये उघडणारं नाही. तीन ट्रॅकमध्ये तिसरा जाळीचा असतो, तिथेही निम्मंच धरा.

कूलर खिडकीत कायमचा बसवलेला असेल तर तेवढा भाग वजा करा. आणि त्याच्या समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट आहे का ते वेगळं लिहा. ती नसली की खोलीत दमटपणा साठतो, आणि मग कूलर बदलून काही होत नाही.